गच्चीचं बटण

घर मोठं करायचं नव्हतं,
नुसतं बरं करायचं होतं.
टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालून साठवलेले
एकेचाळीस हजार,
आणि यांच्या दिवाळी बोनसची अर्धी आशा.

मैनोद्दीन मिस्त्रीनं टेप फिरवली.
खोल्या दोनच, टेप निम्मी डब्यातच राहिली.
आकडा लिहून कागद पालथा ठेवला,
चहा संपेस्तोवर कुणी उलटवला नाही.
"सगळं नवं कशाला घेताव वहिनी?" शेवटी तोच म्हणाला,
"पाडलेल्या बंगल्यांचं सामान येतंय की दस्तगीरकडं.
जुन्या लाकडाला जेवढं वाकायचं तेवढं
आधीच वाकून झालेलं असतंय."

मग चार रविवार
अक्कलकोट रोडच्या एका पत्र्याच्या शेडमागं,
बेचाळीस डिग्रीत, डोक्यावर ओला टॉवेल,
आम्ही दुसऱ्यांच्या घरांत हिंडलो.
दारं होती, भिंती नव्हत्या.
खिडक्या एकीला एक टेकून उभ्या,
बाहेरचं आत दाखवायला आतच नाही.
सागवानी दार घेतलं, कडीसकट.
पितळी नळ वजनावर घेतला,
दस्तगीरनं काटा धरला, मी काट्यावरचा त्याचा अंगठा.
नळ जरा हळू सोडतो पाणी.
सोडू दे. पाणीच येतं पाचव्या दिवशी,
नळाला कसली घाई?

मोरीला अकरा तऱ्हेच्या टाइल्स,
दुकानाच्या मागच्या दारी उरलेल्या.
एकीवर द्राक्षं, एकीवर अर्धा मासा.
मासा पुरा करणारी टाइल
कुणाच्या मोरीत गेली असेल कोण जाणे.

फरशी मात्र घेतलीच नाही.
आमचीच शहाबादी उखडली आणि उलटी केली.
इतकी वर्षं मातीकडं तोंड करून बसलेली बाजू
दोन दिवस घासल्यावर
पावसाळी आभाळासारखी निघाली.
सासरे बघत राहिले.
जन्मभर चादरी विणल्या त्यांनी,
उलटी केली की रंग बदलतात, नक्षी तीच.
म्हणाले, "हे मला कसं नाही सुचलं?"
आणि चप्पल काढून एकदा चालून बघितलं.

वायर तेवढी नवी.
तिथं गुरुसिद्ध हटून बसला:
"जे दिसत नाही तिथं पैसा घालायचा.
दिसणाऱ्याचं लोक बघून घेतात."
मी बांगडी मोडली नाही,
पण मोडायच्या दुकानापर्यंत जाऊन आले.

आणि मग तो बोर्ड,
चाळीस रुपये, आठ बटणं,
प्रत्येकाखाली निळ्या शाईत, वळणदार अक्षर:
हॉल. देवघर. माडी. जिना.
पोर्च. आप्पा. गच्ची. बाग.
"स्पिरिटनं पुसू का?" गुरुसिद्धनं विचारलं.
मी म्हटलं, स्पिरिटचे पैसे कोण देणार?

म्हणून आता चुलीवरचा दिवा पोर्च आहे,
उंबऱ्यावरचा जिना.
पंखा आप्पा आहे.
श्रावणी पहाटे पांघरुणातून ओरडते,
"आई, आप्पाला बंद कर, गार लागतंय!"
सासरे दचकतात, मग हसतात.
बागेला काही जोडलेलं नाही.
तिची वायर हातभर उरली होती,
ती गुंडाळून माळ्यावर ठेवली आहे.

हिशेब लिहिला श्रावणीच्या वहीच्या मागच्या पानावर.
एकेचाळीस हजारांतले तीनशे चाळीस उरले.
बेरीज तीनदा केली, तिन्ही वेळा उरले.

काल यांची रातपाळी लवकर सुटली.
जुन्या कडीचा आवाज अजून ओळखीचा नाही झाला,
मी थबकले.
अंधारात बोर्डावर एवढंच लाल दिसत होतं,
आणि हे दारातूनच दबक्या आवाजात,
"गच्चीत कोण आहे?"
"मी," म्हटलं,
"दात घासतेय."