कलम पाच

वकिलांनी चष्मा पुसला, वाचायला घेतलं:
मी हिराजी बाळ्या मढवी, वय एकाहत्तर,
धंदा मोटार रिवाइंडिंग, राहणार उथळसर, ठाणे,
शरीराने थकलेला, डोक्याने शाबूत,
कोणाच्याही दडपणाखाली नसताना…
इथे आई हसली.
"दडपण," म्हणाली, आणि पदर तोंडाला लावला.

कोर्टनाक्यावरच्या त्या खोलीत पंखा कुरकुरत होता.
बाबा असते तर खुर्चीवर चढले असते,
बुश गेलंय म्हणत.

कळव्याची खोली जितेनला.
उरलेले हप्ते, तेही त्यालाच.
वाइंडिंगचं मशीन, मेगर, गेजच्या पट्ट्या शकीलला,
कारण तार किती ताणायची
ते त्याच्या बोटांना कळतं, माझ्या मुलाच्या नाही.
यात मुलाची चूक नाही,
मीच त्याला तारेला हात लावू दिला नाही.
जितेन फरशी मोजत बसला.

करुणाला पोस्टातलं खातं.
मला हे माहीतच नव्हतं.
जळक्या मोटारींतून निघालेलं तांबं
सोळा वर्षं राबोडीच्या भंगारात घालून
आलेला पैसा, त्याला दुसऱ्या कशासाठी हात लावला नाही.
शाळेच्या गॅदरिंगला
मी त्यांना म्हणाले होते, हात खिशात ठेवा.

उधारीची वही फाडू नये. वसूलही करू नये.
अपवाद कोलशेतचा मेहुणा, बोअरचा पंप,
त्याच्याकडून व्याजासकट घ्यावे.
"घ्याच," आई म्हणाली. भाऊ तिचाच.

मग कलम पाच.
दुकानाचा गाळा, पागडीचा, अकरा बाय नऊ.
हा गाळा मी पत्नी गुलाब हिला देत नाही.
जे माझं नाही ते देणार कसं?
सत्याऐंशी साली पागडी भरली
ती तिच्या चार बांगड्या मोडून.
दिवाळीपर्यंत करून देतो म्हणालो होतो,
कुठली दिवाळी ते बोललो नव्हतो.
तिचा गाळा तिला परत.
इतकी वर्षं बिनभाड्याने वापरला, त्याची माफी.

वकील थांबले.
"हे असं कायद्यात बसत नाही, मी सांगितलं होतं.
ते म्हणाले, तुम्ही टाइप करा."

आईने हात पुढे केला.
वाचता येत नाही तिला.
मोकळ्या मनगटाचा तो हात
ओळीवरून ओळीवर बोट फिरवत गेला,
बाबा कॉइल तपासायचे तसा,
कुठे तुटलंय का.

"चार नव्हत्या," म्हणाली. "सहा होत्या.
दोन आधीच मोडल्या, पहिली तार आणायला.
त्याला वाटायचं शेटने उधार दिली."

वकिलांनी पेन उघडलं, पुन्हा बंद केलं.
मेलेल्याच्या कागदात खाडाखोड चालत नाही.

"राहू दे," आई उठली.
"शटरची किल्ली कुणाकडे आहे?"