चिमाक्काचं टेक

हुपरीकर मोडी वाचतात मासा खाल्ल्यासारखी,
काटा काटा बाजूला काढत.
"अक्षर तुटलंय," म्हणाले, "पण रान आहे.
पूर्वेस ओढा, दक्षिणेस पाणंद,
पश्चिमेस बांधावर दोन उंबर.
उत्तर वाळवीनं खाल्ली."

तीन दिशा घेऊन मी
रंकाळा स्टँडवर राधानगरीची गाडी धरली.
मांडीवर वंशावळ. आठ पिढ्या, सगळे पुरुष,
जिन्याच्या पायरी-पायरीवर उभे.

ओढा सापडला, गटार म्हणण्याइतका.
पाणंदीवर डांबर.
उंबर एकच,
तोही वीज पडलेला.

उसात कुणीतरी खोकलं.
पाचट बाजूला सारत चौगले बाहेर आले, हातात कोयता.
"जमीन मागायला नाही आलो,
नुसती बघायचीय," मी घाईनं. दोनदा.
"बघा की. बघायला काय सातबारा लागतोय?"

गटनंबर त्यांना आठवेना.
"आमी चिमाक्काचं टेक म्हणतो."
कोण चिमाक्का?
"काय म्हाईत. आज्जा बी तसंच म्हणायचा.
तुमच्यातलीच असंल."

कागद उलगडला. बोट फिरवलं वरून खाली.
चिमाक्का कुठंच नव्हती.
जिन्यावरचे पुरुष
एकमेकांकडे बघायचं टाळत होते.

चौगल्यांनी ऊस मोडून दिला. गोड होता,
दाढ मात्र ठणकली भोगावतीच्या पुलापर्यंत.
गाडी हिसके देत होती. पेन काढलं.
कुणाच्या खाली लिहू तिला, कुणाच्या शेजारी?
शेवटी सगळ्यांच्या पायांखाली
एक वाकडी रेघ ओढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत,
आणि तिच्यावर नाव घातलं.