म्हणे

लेखाच्या तिसऱ्या ओळीच्या डोक्यावर चार निळे आकडे,
गुळाच्या खड्याला मुंग्या लागाव्यात तसे.

"हा हौद ठकूबाई कासारणीने स्वतःच्या पाटल्या मोडून, बांधला."

एका वाक्याला चार संदर्भ!
नारायण पेठेतल्या प्रेसमध्ये एकतीस वर्षं प्रुफं तपासली,
प्रबंधांनासुद्धा एवढा जामीन लागत नसे.
आणि तो स्वल्पविराम.
"मोडून"नंतर काय काम त्याचं?

पहिला आकडा रविवार पुरवणीचा, दोन हजार सोळा.
ग्रंथालयातले कुदळे बांधीव खंड झटकून देतात
आणि मग स्वतःच शिंकतात.
वाक्य तेच, स्वल्पविरामासकट.
खाली बारीक अक्षरात : माहिती, इंटरनेटवरून साभार.

दुसरा, सोसायटीची रौप्यमहोत्सवी स्मरणिका.
घैसासांनी "वाचून परत करा" दोनदा बजावून दिली.
पाटल्यांच्या झाल्या होत्या बांगड्या,
स्वल्पविराम मात्र जागच्या जागी.

तिसरं पुस्तक. दुसऱ्या आवृत्तीत अख्खा परिच्छेद,
पहिल्या आवृत्तीत चार शब्द :
"हौद लहान. पाणी मचूळ."
मला पहिली आवृत्ती आवडली.

चौथा दुवा मेलेला.
दाबला की पांढरं पान, स्मशानशांतता.

मग त्या पानाचाच इतिहास उघडला.
कुणी वेलांटी बदललेली, कुणी शिवी घातलेली,
कुणी ती पुसून सभ्यपणे सही केलेली,
उतरत गेले खाली, जुन्या विहिरीच्या पायऱ्या उतराव्यात तशी,
तळाशी
अकरा ऑगस्ट दोन हजार नऊ, रात्रीचे एक चाळीस.
सदस्य : प्रूफवाली_४११०३०.

म्हणजे मी.

स्वाइन फ्लूचे दिवस. सगळं शहर तोंड बांधून.
गफूर पखाली आले होते मोरीचा नळ दुरुस्त करायला,
रुमालाआडून, पान्ह्यावर जोर देता देता बोलत होते.
त्यांचा आजा त्या हौदावर मशक भरायचा.
"ठकूबाईनं पाटल्या मोडून, म्हणे, बांधला.
खरं-खोटं तिला ठाऊक आणि पाण्याला."

रात्री मी लिहिलं, जसंच्या तसं.
बारा मिनिटांनी पुन्हा वाचलं.
ज्ञानकोशात कुठे "म्हणे" असतं?
काढला. सवयीचा हात.
शब्द गेला, त्याच्या दोन्ही बाजूंचे पहारेकरी
त्यातला एकच गेला,
दुसरा सोळा वर्षं उभा आहे
रिकाम्या दारावर.

तोंडी माहिती चालत नाही, नियम स्पष्ट आहे
आणि तो मलाही पटतो, उद्या कुणीही काहीही सांगेल.
गफूरभाई संदर्भ नव्हते.
त्यांचं ऐकून मी लिहिलेलं वाचून ज्यांनी छापलं
ते आहेत.

मंगळवारी "म्हणे" परत घातला.
बाराच मिनिटांत कुणा "टेकडीवरचा_वारा"ने उडवला.
शेरा : संदिग्ध शब्द वगळला. कृपया पाहावे, पाच संदर्भ आहेत.

पाच?

रिक्षाने गेले. हौद बुजवलेला, वर स्कूटर लावलेल्या,
भिंतीवर नवा कोरा फलक, निळ्यावर पांढरी अक्षरं,
खाली कुणा माननीयांचं नाव ठकूबाईपेक्षा दुप्पट मोठं.
"मोडून, बांधला."
ऑइलपेंटमध्ये माझा स्वल्पविराम,
टपोरा.

पर्समधली पेन्सिल काढली,
त्याच्या शेजारी काकपद काढायला गेले.
रंगावर शिसं धरेना, नुसतंच घसरत राहिलं.

स्कूटर काढायला आलेला मुलगा थांबला.
"काकू, काही चुकलंय का?"
"चुकलं नाही रे. एक शब्द पडलाय."

तो खाली वाकला
आणि चाकाजवळ बघू लागला.