चार बोटं ढाळ

फिरोज मिस्त्रीनं नळीत पाणी भरलं,
एक टोक माझ्या हाती दिलं गव्हाणीपाशी,
दुसरं घेऊन दाराकडे गेला आणि तिथून ओरडला,
"मॅडम, चार बोटं ढाळ हाय. भरून टाकू?"

मला वाटलं, बांधणाऱ्याची चूक.
उदाराम दाराशी उकिडवा बसून खर्रा घोटत होता.
मान वर न करता म्हणाला,
"चूक नाही जी. ढोरं राहत होते इथं.
मूत बाहेर गेलं पाह्यजे.
खूर ओले राह्यले, का सडते."

कळमेश्वरच्या पुढं,
डिंक्यातून वाचलेल्या एकवीस संत्र्यांच्या मागं
हा कोठा.
सासऱ्यांनी शेवटची जोडी विकली, त्यानंतर
इथं फवारणीचे पंप, ठिबकच्या फाटक्या नळ्या,
आणि मयालीवर एक घुबड.
मनीषनगरचा फ्लॅट आम्ही भाड्यानं दिला,
तलाठ्याकडे सात चकरा मारल्या,
आर्किटेक्टला घेऊन आलो.
ती मधोमध उभी राहिली, दोन्ही हात पसरले
आणि म्हणाली, "काय स्पेस आहे!"
घुबड उडून गेलं.

सागाचा मधला खांब
छातीएवढ्या उंचीवर आरशासारखा.
सुतारानं रंधा काढला, लाकडावरून तळवा फिरवला,
रंधा परत पिशवीत ठेवला.
"याला काय करू? झालंय आधीच."
पाखऱ्या आणि बांड्या,
चौदा वर्षं खांदे घासत.

पाखऱ्याच्या जागी आता फ्रिज आहे.
रात्री मधूनच तोही अंग थरथरवतो
आणि गप्प होतो.

दार आम्ही उंच केलं, पाच फुटांचं सात.
वास्तूच्या जेवणाला उदाराम धुतलेला सदरा घालून आला
आणि दारात वाकला.
वर दोन फूट नुसती हवा.
बाहेर पडतानाही वाकला.
मी हसू आवरलं; मग कळलं, हसण्यासारखं नव्हतंच ते.
चाळीस वर्षं त्या चौकटीनं
त्याच्या मानेला शिकवलेलं, आम्ही
एका दुपारी ग्राइंडरनं कापलं होतं.

मे महिन्यात पारा सेहेचाळीसवर गेला.
कूलरची ओली हवा भिंतीला लागली,
तसा दोन हात जाड मातीतून
सरकीच्या ढेपेचा वास सुटला.
तीनदा चुना मारलेला, तरी.
नणंद म्हणाली, "वहिनी, काही सांडलंय का गं?"
हर्षल काही बोलला नाही.
भिंतीजवळची खुर्ची त्यानं अजून जवळ ओढली,
मी पाहत नाही असं समजून.

आणि ढाळ?
तो राहिला.
भरायला दोन ट्रॉल्या मुरूम लागला असता,
शिवाय मजुरी; आणि पैसे संपत आले होते.
हेच खरं कारण.
पाहुण्यांना आम्ही वेगळं सांगतो,
जुन्याचा मान वगैरे.

कोटा फरशी त्याच उतारावर बसली.
जेवणाच्या टेबलाच्या दोन पायांखाली चकत्या आहेत.
वरण सांडलं तर ते दिशा विचारत नाही.
गार्गीची गोटी कुठूनही सोडा,
जुन्या नालीच्या कोपऱ्यातच सापडते.
तिला हे घर असंच माहीत आहे;
शाळेत तिनं गोटी सोडली, ती जागच्या जागी राहिली,
तर घरी येऊन म्हणाली,
"आई, शाळेची फरशी बिघडली आहे."

गव्हाणीत गादी घातली आहे.
तिथं ती वाचते, वाचता वाचता झोपते,
गुडघे पोटाशी घेऊन.

कधी रात्री दोनला मी उठते.
कडी लागली का बघायला अनवाणी निघते
आणि दाराशी जरा लवकरच पोचते.
परत तिच्याकडे येताना मात्र
झोपेतल्या पोटऱ्यांनाही कळतं,
चढ आहे.