तिसऱ्याला धरतं

"पायडल मार," पाशाभाई गाडीखालून म्हणाले.
मारलं.
पहिल्यांदा भुसात पाय गेल्यासारखं,
दुसऱ्यांदा जरा घट्ट.
"तिसऱ्याला धरतं," मी म्हणालो.
"घाटात तिसरा मौका कोन देतं रे?"

काल धारूरच्या घाटात, दीडशे पोती सरकी घेऊन उतरताना
तिसरा मिळाला नव्हता.
दुसऱ्या गिअरवर ओढत आणली, इंजिन बोंबलत होतं,
आणि गाडी डोंगराकडच्या मुरमात घातली.
उद्धवनं उडी टाकून चाकाखाली दगड लावला,
मग त्याच दगडाशेजारी बसून राहिला, अर्धी बिडी विझेपर्यंत.
मी उतरलोच नाही.
पाय अजून पायडलवर होता.

तेलगावच्या फाट्यावर, लिंबाखाली,
पाशाभाईंनी चारी ड्रम उघडले.
लायनर रिबिटापर्यंत खाल्लेले,
ड्रम आतून तोंड दिसेल असे गुळगुळीत.
"ये तो उमर का दर्द है."
गाडी शहाऐंशीची. त्यात काय बोलायचं.
मग मास्टर सिलिंडर खोलला
आणि ते गप्प झाले.
वायसर तळहातावर घेतला,
रात्रभर भिजलेल्या वाटाण्यासारखा फुगलेला.
नाकाशी नेला.
"इसमें क्या डाल्या?"

माजलगावला, रात्री दोनला, ब्रेक ऑइलचा डबा रिकामा निघाला
तेव्हा सीटखालचं इंजिन ऑइल ओतलं होतं मी.
कपभर. कपभरही नसेल.
आधीच्या मालकाचं नाव ओठावर आलं होतं,
बिचारा लातूरला, त्याला कुठं कळणार.
"मीच," म्हणालो.
त्यांनी वायसर माझ्या शर्टाच्या खिशात टाकला.
"रहने दे उधर."

बावीस वर्षं आमचं बोलणं एवढंच:
मार. मार. मार. धर. सोड.
मी वर, ते खाली,
बाटलीत बुडबुडे मोजत.
हवा नको, हवेचा थेंबही नको नळीत.
शेवटचा बुडबुडा म्हणून निपल आवळावा
तर चार दिवसांनी आणखी एक कुठून तरी यायचाच.

"बस झालं," म्हणाले. "अब हवा का ब्रेक."
कुशावर्ताची भिशी लागली होती, फ्रिजसाठीची.
ती म्हणाली, माठातलं पाणी बी थंडच असतं,
तुमी आधी थांबायला शिका.
जालन्याच्या भंगारातून दोन्ही ॲक्सल आणले ड्रमसकट,
कॉम्प्रेसर, दोन टाक्या.
नळ्या तेवढ्या कोऱ्या, "उसमें कंजूसी नक्को."

उद्धवला पटेना.
"हवेवर कशी थांबायची हो दहा टनाची गाडी?"
"और टायर किसपे चलता है, बेटा?"
उद्धव टायरकडं बघत राहिला, जणू आजच बसवलाय.

अकरा दिवस लागले.
मधे एक दिवस नुसता साबणाचा फेस,
प्रत्येक जोडावर लावून बघायचं, कुठं फुगा येतो का.
मागच्या डाव्या चाकाकडं आला, बारीक, इंद्रधनुष्याचा.
पाशाभाईंना तो आवडला असावा,
पाना उचलायच्या आधी जरा थांबले.

हवा गेली तर?
तर आतली स्प्रिंग चाक आवळते.
गाडी बसते अडलेल्या म्हशीसारखी,
पण सुटत नाही.
तेल गेलं की गाडी जायची,
हवा गेली की गाडी राहते.
हे मी कुशावर्ताला दोनदा सांगितलं.
दुसऱ्यांदा ती भाकरी उलटवत होती.

आज रिकामी गाडी, पाशाभाई शेजारी, तोच घाट.
काट्याला वर चढू दिलं, मग सुटलो.
मुरमात आमच्या चाकांच्या दोन खोल रेघा,
उद्धवचा दगड तिथंच.
वळण आलं आणि पायानं आपलं आपण
मारलं, सोडलं, मारलं, सोडलं.
फुस्स, फुस्स,
काटा भराभर खाली.
"एकदाच!" पाशाभाई ओरडले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा ओरडले,
"एकदाच दाब, और पकड के रख!"

दाबलं.
दुसऱ्यांदा उचलायला पाय शिवशिवत होता.
खिशातला वायसर अजून तेलकट आहे,
शर्टाचा डाग जात नाही.