मागची खोली

हर्णैच्या मच्छीमार सोसायटीत
डिझेलच्या पावत्या निघत नव्हत्या.
खलाशी कॅन पालथे करून ओट्यावर बसलेले,
भरती साडेअकराला.
मी स्टुलावर, कीबोर्ड मांडीवर.

"प्रिंटर आहेत तरी किती?" मी विचारलं.
"ते तुमच्या लिनक्सलाच विचारा,"
मेहरून मिरकर म्हणाल्या, वहीतून मान न काढता.

तो तसा शोधायला कुठे जात नाही.
कान उघडे ठेवून बसतो.
प्रिंटर चालू झाला की आपणहून सांगतो वायरभर:
नाव हे, ठिकाण हे,
दोन्ही बाजूंनी छापतो, रंग नाहीत.
टोपली वाळूवर टेकताच लिलावात ओरडावं तसं,
कुणा एकाला नाही;
ऐकेल तो टिपून घेईल.
पुन्हा हाक आली नाही बराच वेळ
तर नाव गळतं. कुणी दुखवटा पाळत नाही.

राऊटरपलीकडे ही हाक पोचत नाही.
बर्फाच्या कारखान्यात एक प्रिंटर आहे,
साऱ्या बंदराला ठाऊक,
या यंत्राला नाही.

यादी आली. तीन ओळी.
काउंटरचा.
वरच्या सभागृहातला, वर्षातून एकदा अहवाल छापणारा.
आणि 'भालचंद्र-मागची-खोली'.

मागच्या खोलीत आता जाळी आहेत,
प्रिंटर भंगारात जाऊन दोन पावसाळे झाले.
पण नेमून दिलेला तोच,
म्हणून सगळं त्याच्याकडे जात होतं:
एक्केचाळीस पावत्या, रांगेत, मुकाट.

"हा कसा राहिला?"
म्हटलं, हाक देणारे गप्प झाले की जातात.
हा कधी हाक देतच नव्हता.
कुणीतरी बसून पत्ता घातलाय, आकडा आकडा करून.
ते बसूनच पुसावं लागतं.

"चोगल्यांनी," त्या म्हणाल्या. "एका बोटाने टाइप करायचे."
मग वहीत काहीतरी शोधू लागल्या,
जे तिथे नव्हतं.

मी पावत्या काउंटरकडे वळवल्या.
पुसू का, विचारलं.
"नको. नुसता बंद ठेवा."

रांग बंद केली. यादी पुन्हा मागवली.
तीन ओळी.

काउंटरवर कागद सरकू लागला, कोमट.
पहिली पावती परवाची, 'गौरीनंदन'ची.
ओट्यावरून कुणी उठलं नाही.
ती बोट उसन्या डिझेलवर
केव्हाच गेली होती.