नळीतलं पाणी

शिरोलीच्या शेडमध्ये, टेस्ट बेड नंबर दोनवर,
इंजिनाच्या पोटातला श्वास
मी एका डब्यातून गाळतो.
मी बाई आहे. कोल्हापूरची आहे.
आम्ही ‘गाळतो’च म्हणतो.

श्वास म्हणजे तेलाचं धुकं,
इतकं बारीक की बल्बखाली
फक्त उजेड जाड झाल्यासारखा दिसतो.
डब्यात काचेच्या धाग्यांची गादी.
धुक्याचा कण धाग्याला टेकतो,
दुसरा येऊन त्याला मिळतो, तिसरा,
वजन झालं की थेंब होऊन खाली,
परत चेंबरमध्ये, जिथला तिथं.

डब्याच्या दोन्ही अंगांना एक वाकडी नळी,
नळीत पाणी, पाण्यात लाल रंग
पोराच्या रंगपेटीतला.
पाणी जेवढं चढेल
तेवढा गादीला दम लागलाय समजायचं.

पहिला आठवडा स्वच्छ तेल दिलं.
पाणी चढलं, चढलं, आणि एकशेऐंशीवर बसलं.
म्हशीगत बसलं, सातापा म्हणाला.
येतंय तेवढं जातंय.
तीन दिवस वहीत एकच आकडा लिहून
माझं अक्षर सुधारलं.

दुसऱ्या आठवड्यात एक जुनं इंजिन जोडलं,
कागलच्या बोअरवाल्याचं, रिंगा ढिल्या झालेलं,
आणि तेलाबरोबर काजळी आली.

काजळी मला नवी नाही.
वडणग्याला आमच्या गुऱ्हाळात
काहिलीच्या बुडाला हात लावलेलं पोर
चार दिवस कुठं लपू शकायचं नाही.
पण ही तसली नव्हे.
ही थेंबात बसून येते,
पावण्याच्या गाडीतनं आलेल्या
आणि पावणा गेल्यावरही राहिलेल्या माणसागत.

तेल उतरून जातं, ती धाग्यात राहते.
एकीला एक धरून साखळ्या करते,
उरलेल्या तेलाचा चिखल करते,
थेंबांच्या उतरायच्या वाटा बुजवते,
मग मागनं आलेलं चांगलं तेलही तुंबतं.
दोनशे दहा. दोनशे साठ. तीनशे चाळीस.
रात्रपाळीत शेडमध्ये कुणी नाही बघून
मी पाण्याला म्हटलं, बस की रे आता.
तीनशे नव्वद.

फिल्टरवाल्यांचा माणूस आला, इरफान जमादार,
कडक इस्त्री, मऊ बोलणं.
त्याच्याकडं एकच आकडा, बाहेर पडणाऱ्या धुक्याचा,
आणि तो खरंच कमी झाला होता.
“मॅडम, काजळीनं फिल्टर सुधारला बघा.
शंभरातले नव्व्याण्णव कण पकडतोय.”
खोटं बोलत नव्हता.
दार भिंत बांधून बुजवलं की घरात चोर येत नाही,
तेही खोटं नाही.

मी वाद घातला नाही.
इंजिन बंद केलं, त्याला मागं नेलं,
फ्लायव्हीलच्या बाजूला वाकायला लावलं.
सीलच्या कडेनं तेल पाझरत होतं.
वर वाट नाही, पोटात दाब,
म्हणून खालनं.
त्यानं बोट लावलं. मग ते बोट
अंगापासून लांब धरून तसाच उभा राहिला.
सातापानं चिंधी दिली.

संध्याकाळी दोन्ही गाद्या ताटांवर निथळत ठेवल्या,
पहिल्या आठवड्याची आणि ही.
सकाळी एका ताटात चहाच्या कपाएवढं तेल.
दुसरं ताट
जवळजवळ कोरडं, आणि त्याच्यावरची गादी
ताटापेक्षा जड.

रिपोर्टात ‘किती पकडतो’ हा रकाना छापलेलाच असतो.
त्याच्या शेजारी पट्टीनं एक रेघ मारून
मी लिहिलं : किती सोडतो.
साहेबांनी चष्मा वर केला, खाली केला,
सही केली नाही, खोडलंही नाही.

घरी पोरानं सूर्य हिरवा काढलाय.
विचारतंय, माझा लाल कधी परत आणणार?
म्हटलं, पाणी बसलं की.